बेसबॉलमधल्या फ्री एजंटचा करार महाग की स्वस्त, हे कसं काढायचं

फ्री एजंट म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा असलेला खेळाडू. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला, एखादा करार खेळाडूच्या आकड्यांना साजेसा आहे का, हे ठरवायला एक स्प्रेडशीट आणि अर्धा तास पुरतो. गणित शाळकरी आहे, घोळ होतो तो त्यात भरलेल्या आकड्यांमुळे. गेल्या हंगामातली कामगिरी जशीच्या तशी पुढच्या सहा वर्षांवर पसरवली जाते, आणि हा माणूस वर्षाला किती खेळेल हा सगळ्यात मोठा प्रश्न बाजूलाच राहतो. खालची पद्धत या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

पैशांचे सगळे आकडे लाख-कोटी डॉलरमध्ये दिले आहेत. अमेरिकी बातमीत 100 मिलियन लिहिलं असेल तर ते इथे 10 कोटी.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते. मेजर लीगमध्ये पगारावर अशी कडक मर्यादा नाही, फक्त एका रेषेपलीकडे कर आहे. शिवाय सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही, आणि 172 दिवस मुख्य संघात काढले की सेवेचं एक वर्ष धरतात. सहसा पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात (2026 मध्ये तो 7 लाख 80 हजार आहे), पुढची तीन लवादाच्या पगारावर (संघ आणि खेळाडूचं जमलं नाही तर तो त्रयस्थ ठरवतात). म्हणून संघाचा एकूण पगार भागिले एकूण विजय असा दर काढून फ्री एजंटला लावला की तो कायम लुटारू दिसतो. स्वस्तातली तरुण पोरं त्या सरासरीत मिसळलेली असतात. फ्री एजंटची तुलना फ्री एजंटांच्या बाजाराशीच करा.

करार नीट वाचा

बातमीतला मोठा आकडा हा करार नव्हे. फॅनग्राफ्सचं रोस्टररिसोर्स, स्पॉटट्रॅक किंवा कॉट्स काँट्रॅक्ट्स यांपैकी एखादी वेबसाइट उघडा आणि वर्षवार पगार उतरवून घ्या. हमीची रक्कम म्हणजे सगळे हमीचे पगार, सायनिंग बोनस आणि संघाच्या पर्यायी वर्षाचा बायआउट (ते वर्ष नाकारलं तर द्यायची रक्कम) यांची बेरीज. संघाला हवं असेल तरच लागू होणाऱ्या वर्षाचा पगार यात धरू नका. बातमीत ‘इतक्यापर्यंत’ असा शब्द असेल तर त्यात बक्षिसाच्या रकमा मिसळलेल्या असतात, त्या काढून टाका.

मग बघा पैसे कधी मिळणार आहेत. शोहेई ओहतानीने डिसेंबर 2023 मध्ये डॉजर्स संघाशी 10 वर्षांचा 70 कोटींचा करार केला. त्यातले वर्षाला फक्त 20 लाख त्याला खेळत असताना मिळतात. उरलेले 6 कोटी 80 लाख दहा-दहा वर्षं पुढे ढकलले आहेत, 2034 ते 2043 या काळात, बिनव्याजी. सुमारे 4.4 टक्के दराने दहा वर्षं मागे आणलं तर 6.8 कोटींचे आज 4.4 कोटी होतात. त्यात 20 लाख मिळवले की वर्षाला सुमारे 4.6 कोटी. लीगनेही कराच्या हिशेबात याच्या जवळचाच आकडा धरला आहे. म्हणजे तुलना करायची ती 46 कोटींशी.

ढकललेल्या पैशावर व्याज असेल तर चित्र उलटतं. मेट्स बॉबी बोनिला या निवृत्त खेळाडूला 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला 11 लाख 93 हजार 248 डॉलर देत आहेत, आणि दरवर्षी त्यावरून त्या संघाची चेष्टा होते. मूळ देणं 59 लाखांचं होतं आणि ठरलेलं व्याज 8 टक्के. 8 टक्क्यांनीच मागे आणलं तर त्या पंचवीस हप्त्यांची 2000 सालची किंमत बरोबर 59 लाख येते. निवाडा करायचाच तर त्या व्याजदराचा करावा. हप्त्यांची नुसती बेरीज करून काही कळत नाही.

इथे एक चूक फार होते. पगार आजच्या किमतीत आणायचा आणि खेळाडूच्या कामगिरीची किंमत मात्र भविष्यातल्या फुगलेल्या दराने धरायची. दोन्ही बाजू एकाच काळातल्या ठेवा. पगार सगळी वर्षं सारखा असेल आणि काही पुढे ढकललेलं नसेल, तर दोन्ही बाजू आहेत तशा ठेवल्या तरी चालतं. फक्त पुढे ढकललेली रक्कम त्या-त्या हंगामाच्या किमतीला आणा.

वॉर कुठला घ्यायचा

वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूने किती जास्त विजय दिले. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. नियमित खेळणारा सरासरी खेळाडू हंगामाला 2 च्या आसपास असतो.

फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स हे दोघंही वॉर काढतात, पण वेगवेगळ्या रीतीने. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाबतीत फॅनग्राफ्स स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) आणि होमरन यांवर जातं, तर बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्षात दिलेल्या धावांवर. कॅचरचं (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचं) फ्रेमिंग, म्हणजे काठावरचा चेंडू स्ट्राइक ठरवून घेण्याचं कसब, फॅनग्राफ्स मोजतं, बेसबॉल-रेफरन्स मोजत नाही. सगळ्यांसाठी दोन्हींची सरासरी घ्या, कॅचरसाठी मात्र फक्त फॅनग्राफ्स. दोन आकड्यांत दीडपेक्षा जास्त फरक असेल तर सरासरीवर समाधान मानू नका. फरक बहुधा फील्डिंगमुळे असतो, किंवा पिचरच्या मागे उभ्या असलेल्या संघामुळे.

फील्डिंगचे आकडे एका हंगामात फार उड्या मारतात. निदान तीन वर्षांचे बघा आणि जे येईल त्याचा निम्माच भाग धरा. खेळाडू मैदानात कुठे उभा राहतो त्या जागेचा हिशेब वॉरमध्ये आधीच असतो: शॉर्टस्टॉपची जागा अवघड, फर्स्ट बेसची सोपी. फॅनग्राफ्स पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला 7.5 धावा जास्त देतं आणि फर्स्ट बेसमनच्या 12.5 धावा कापतं. म्हणजे आज शॉर्टस्टॉप असलेला माणूस तिसाव्या वर्षानंतर फर्स्ट बेसवर गेला, तर तशाच बॅटिंगवर त्याचे दोन विजय गेले. लांब करारात हे होणारच असं धरून चाला.

अंदाज: या कामाचा गाभा

‘मार्सेल’ या नावाने ओळखली जाणारी साधी रीत घ्या. बॅटरच्या शेवटच्या तीन हंगामांना 5, 4, 3 असं वजन द्यायचं, त्यात सरासरी खेळाडूची थोडी कामगिरी मिसळायची, आणि पुढच्या वर्षी तो किती वेळा बॅटिंगला येईल हे वेगळं काढायचं. मूळ रीत बॅटिंगच्या एकेका आकड्यासाठी आहे. इथे ती थेट वॉरला लावू.

समजा एक थर्ड बेसमन आहे, करारातल्या पहिल्या हंगामात 31 वर्षांचा. गेल्या वर्षी 640 प्लेट अपिअरन्समध्ये (म्हणजे तितक्या वेळा बॅटिंगला येऊन) 4.8 वॉर. त्याआधी दुखापतीमुळे 420 मध्ये 2.1. त्याच्याही आधी 600 मध्ये 4.0.

वॉरची वजनी बेरीज: 5 गुणिले 4.8, अधिक 4 गुणिले 2.1, अधिक 3 गुणिले 4.0. म्हणजे 44.4.

प्लेट अपिअरन्सची तशीच बेरीज: 3200 अधिक 1680 अधिक 1800. म्हणजे 6680.

आता सरासरी खेळाडूचे 1200 प्लेट अपिअरन्स आणि त्यांचे 4 वॉर मिळवा: 48.4 भागिले 7880. दर 600 ला 3.7 आले.

पुढच्या वर्षीचे प्लेट अपिअरन्स: गेल्या वर्षीचे निम्मे, त्याआधीच्या वर्षाचा दहावा भाग, आणि 200. म्हणजे 320 अधिक 42 अधिक 200, एकूण 562.

3.7 ला 562 ने गुणून 600 ने भागलं की 3.45 येतात. वयाचे 0.5 वजा केले की हातात राहिले साधारण 3.0.

बातम्यांमध्ये हा 4.8 चा खेळाडू म्हणून गाजत असतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडून अपेक्षा धरायची ती 3 ची. एवढ्या एका पायरीत करारावरचं मत बदलतं, ते कसं ते खाली दिसेल.

पुढच्या वर्षांसाठी वयाचा ढोबळ नियम असा: 29 पर्यंत तसंच ठेवा, 30 ते 35 दरवर्षी 0.5 कमी करा, 36 पासून 0.7. वय मोजताना 30 जूनला असलेलं वय धरा, बेसबॉल-रेफरन्स तसंच धरतं. जुलैत जन्मलेल्याला आणि जूनमध्ये जन्मलेल्याला यामुळे एका वर्षाचा फरक पडतो, तो मान्य करायचा. ज्याचा खेळ पायांच्या वेगावर उभा आहे त्याला वरचा नियम सौम्य पडतो. वॉक घेणारा, कमी स्ट्राइकआउट होणारा जास्त टिकतो.

विजयाचा भाव

अलीकडच्या हिवाळ्यांत एका अपेक्षित विजयाला ढोबळ 80 ते 90 लाख पडतात असं धरून काम सुरू करता येतं. पण स्वतः काढलेला भाव केव्हाही बरा. त्या हिवाळ्यातल्या सगळ्या मोठ्या करारांची यादी करा, प्रत्येकाचं करारभर अपेक्षित वॉर वरच्याच रीतीने काढा, हमीच्या रकमांची बेरीज त्या वॉरच्या बेरजेने भागा. दोन पथ्यं पाळा. एक, फक्त गाजलेले दहा करार घेऊ नका, एका वर्षाचे छोटे करारही धरा. दोन, प्रत्यक्षात नंतर मिळालेलं वॉर वापरू नका, अपेक्षितच वापरा. नाहीतर ज्या वर्षी चार-पाच जण जायबंदी झाले त्या वर्षी भाव दुप्पट दिसेल.

अशा रीतीने काढलेला निकाल बाजाराच्या तुलनेत असतो हेही लक्षात असू द्या. सगळा बाजारच चढा असेल तर सरासरी करार ‘योग्य’ दिसेल, कारण भाव त्यातूनच काढला आहे.

वरच्या थर्ड बेसमनला आता 85 लाखांचा भाव लावू आणि दरवर्षी 4 टक्के वाढवू:

वय 31: 3.0 वॉर, 85 लाख, एकूण 255 लाख
वय 32: 2.5 वॉर, 88.4 लाख, एकूण 221 लाख
वय 33: 2.0 वॉर, 91.9 लाख, एकूण 184 लाख
वय 34: 1.5 वॉर, 95.6 लाख, एकूण 143 लाख
वय 35: 1.0 वॉर, 99.4 लाख, एकूण 99 लाख
वय 36: 0.3 वॉर, 103.4 लाख, एकूण 31 लाख

सहा वर्षांचे मिळून सुमारे 9 कोटी 34 लाख. समजा त्याला 6 वर्षांचे 13 कोटी 20 लाख मिळाले आहेत. संघाने जवळपास 3 कोटी 90 लाख जास्त मोजले.

आता हेच कोष्टक 4.8 पासून सुरू करून बघा. बेरीज साडेएकोणीस कोटींच्या घरात जाते, आणि तोच करार संघाला सहा कोटींहून जास्त फायद्याचा दिसू लागतो. भाव तोच, वयाचा नियम तोच, फरक फक्त सुरुवातीच्या आकड्याचा. कुणी एखादा करार ‘चोरी’ आहे असं म्हणत असेल तर आधी विचारा, सुरुवात कुठल्या आकड्यापासून केली.

कोष्टकात आणखी एक गोष्ट दिसते. सहावं वर्ष जेमतेम 31 लाखांचं काम देतं आणि पगार 2 कोटी 20 लाखांचा खातं. तिशी ओलांडलेल्याच्या करारात भांडायचं ते वर्षांच्या संख्येवर. हाच खेळाडू 4 वर्षांच्या 8 कोटींना मिळाला तर वर्षाचा पगार जवळजवळ तेवढाच राहूनही करार बाजारभावात बसतो.

फार लांब करारात भाववाढीचा दर निकाल फिरवतो. हुआन सोटोला मेट्सने डिसेंबर 2024 मध्ये 15 वर्षांचे 76 कोटी 50 लाख दिले, वयाच्या 26 व्या हंगामापासून, काहीही पुढे न ढकलता. सुरुवात 6.5 वॉरपासून धरली आणि वरचाच वयाचा नियम लावला तर 15 वर्षांत 61.5 वॉर होतात. भाववाढ शून्य धरली तर त्यांची किंमत 52 कोटी, 4 टक्के धरली तर साडेत्रेसष्ट कोटी. खेळाडूबद्दलचं मत तिळभरही न बदलता अकरा कोटींचा फरक पडला. म्हणून दहा वर्षांपुढच्या कराराचा निकाल एका आकड्यात सांगू नका. 2, 4 आणि 6 टक्के अशा तीन रांगा मांडा.

किती खेळेल?

कसब हळूहळू उतरतं, ते कोष्टकात बसवता येतं. करार खरे बुडतात ते खेळाडू मैदानावरच न आल्यामुळे. अँथनी रेंडनने 2019 मध्ये .319 च्या सरासरीने 34 होमरन मारले, 126 धावा आणल्या, वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डिसेंबरमध्ये एंजल्सशी 7 वर्षांचा 24 कोटी 50 लाखांचा करार केला. पुढे त्याने 52, 58, 47, 43 आणि 57 सामने खेळले, 2025 मध्ये एकही नाही. सहा हंगामांत 257 सामने. पहिला आकडा 2020 च्या साठ सामन्यांच्या हंगामातला आहे, म्हणजे तो दिसतो तेवढा वाईट नाही, बाकीचे आहेत. रॉकीजनी मार्च 2022 मध्ये 7 वर्षांच्या 18 कोटी 20 लाखांना घेतलेला क्रिस ब्रायंट पहिल्या चार वर्षांत 42, 80, 37 आणि 11 सामने खेळला.

हे सगळं आधी कळत नाही. काही प्रमाणात मात्र कळतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण वॉशिंग्टन नॅशनल्सचे दोन पिचर आहेत. दोघांचे करार 7 वर्षांचे, दोघंही तिशीच्या उंबरठ्यावरचे. मॅक्स शर्झर जानेवारी 2015 मध्ये 21 कोटींना, त्यातली निम्मी रक्कम बिनव्याजी पुढे ढकललेली. स्टीफन स्ट्रासबर्ग डिसेंबर 2019 मध्ये 24 कोटी 50 लाखांना.

करारापूर्वीच्या तीन हंगामांत शर्झरने टाकलेल्या इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन बाद) साधारण 188, 214 आणि 220. स्ट्रासबर्गच्या 175, 130 आणि 209. पिचरसाठी वजन 3, 2, 1 घेतात. शर्झरचे आले 213, स्ट्रासबर्गचे 177. वर्षाला 36 इनिंगची ही तफावत सह्या होण्याआधी कुणालाही काढता आली असती. स्ट्रासबर्गच्या कोपराची टॉमी जॉन (अस्थिबंध बदलण्याची) शस्त्रक्रिया 2010 मध्ये झालेली होती, आणि 2019 च्या 209 वर प्लेऑफमधल्या 36 इनिंगचा भार आणखी होता. त्या 36 इनिंगनी त्याला वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू केलं, आणि किंमतही त्यांनीच चढवली.

शर्झरने करारातली पहिली चारही वर्षं 200 इनिंगच्या वर टाकली आणि 2016, 2017 चे साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे, पुरस्कार घेतले. स्ट्रासबर्गला नव्या करारात मिळून फक्त 8 सामने सुरू करता आले. एवढी पडझड कुठल्याच अंदाजात बसत नाही. पण 177 आणि 213 यांतला फरक किमतीत दिसायला हवा होता, आणि तो उलट दिशेने दिसला.

करायचं काय, तर तीन शक्यता मांडायच्या. वरच्या थर्ड बेसमनला चांगल्या शक्यतेत 4.0 पासून सुरू करा, मधल्या शक्यतेत 3.0 पासून, वाईट शक्यतेत 1.5 पासून, आणि त्यात वॉर शून्याला टेकलं की तिथेच ठेवा. चांगलीची किंमत सुमारे 15 कोटी येते, मधलीची 9.34, वाईटची 2.6. त्यांना 25, 50 आणि 25 टक्के वजन दिलं की 9 कोटी 7 लाख. दुखापतीचा इतिहास जड असेल तर वाईट शक्यतेला 35 टक्के द्या. पाठ, कंबर आणि खांदा यांना मी मनगटातल्या मोडलेल्या हाडापेक्षा जास्त वजन देतो, कारण हाड जुळतं आणि पाठदुखी परत येते.

आकड्यांखालचे आकडे

गेल्या वर्षीचा उजळ हंगाम खरा होता का, हे चार ठिकाणी तपासा. डब्ल्यूआरसी प्लस (एकूण बॅटिंगचं माप) बघा, त्यात मैदानाचा हिशेब असतो आणि 100 म्हणजे सरासरी. डेन्व्हरच्या कूअर्स फील्डवर हवा विरळ आहे, तिथली नुसती बॅटिंग सरासरी फसवते. बॅबिप, म्हणजे खेळात आलेल्या चेंडूंवरची सरासरी, लीगमध्ये .290 ते .300 च्या आसपास असते. एखाद्याची एकाच वर्षी .350 झाली असेल आणि आधी कधी झाली नसेल तर ती खाली येणार. बेसबॉल सॅव्हंटवर अपेक्षित डब्ल्यूओबीए (फटका, वॉक यांना त्यांच्या किमतीइतकं वजन देणारं बॅटिंगचं माप) आणि प्रत्यक्ष डब्ल्यूओबीए शेजारी ठेवा. पिचरचा स्ट्राइकआउट टक्का वजा वॉक टक्का बघा, आणि फास्टबॉलचा वेग महिन्यागणिक बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात वेग एका मैलाने उतरला असेल तर ती खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

वॉकच्या आकड्याकडे माझं पहिलं लक्ष जातं. अल्बर्ट पुहोल्सने 2009 मध्ये 115 वॉक घेतले, 2010 मध्ये 103, 2011 मध्ये 61. होमरन त्या वर्षीही 37 होते, म्हणून उतार फारसा कुणाच्या डोळ्यांत आला नाही. त्या डिसेंबरात एंजल्सनी 10 वर्षांचे 24 कोटी दिले, 32 ते 41 या वयांसाठी. शेवटच्या वर्षी, मे 2021 मध्ये, त्यांनी त्याला मोकळं केलं. ख्रिस डेव्हिसचं उदाहरण याच जातीचं. 2015 मध्ये 47 होमरन आणि सोबत 208 स्ट्राइकआउट. ओरिओल्सनी 7 वर्षांचे 16 कोटी 10 लाख दिले, 2018 मध्ये त्याची सरासरी .168 होती. ज्याला चेंडू लागतच नाही, त्याच्याकडे ताकद कमी झाल्यावर हातात धरायला दुसरं काही उरत नाही.

बाहेर पडण्याचा हक्क, कर आणि इतर खर्च

करार मध्येच सोडण्याचा हक्क खेळाडूकडे असेल तर त्याची किंमत संघ मोजतो. खेळाडू चांगला खेळला तर जातो, वाईट खेळला तर राहतो. किंमत काढायला वरच्या तीन शक्यताच वापरा. समजा आपला थर्ड बेसमन 6 वर्षांच्या 9 कोटींना आला, वर्षाला दीड कोटी, आणि दोन वर्षांनी सोडण्याचा हक्क आहे. चांगल्या शक्यतेत उरलेल्या चार वर्षांचं काम 8 कोटी 48 लाखांचं आणि पगार 6 कोटी, म्हणून तो जाणार. संघाचा 2 कोटी 48 लाखांचा फायदा गेला. ही शक्यता 25 टक्के, म्हणून हक्काची किंमत 62 लाख. तेवढे कराराच्या रकमेत मिळवा आणि मग तुलना करा. ब्लेक स्नेलने मार्च 2024 मध्ये जायंट्सशी 2 वर्षांचे 6 कोटी 20 लाख ठरवले, एका वर्षाने हक्क वापरला आणि डॉजर्सकडून 5 वर्षांचे 18 कोटी 20 लाख घेतले. सोटोला 2029 नंतर असा हक्क आहे, पण उरलेल्या प्रत्येक वर्षाला 40 लाख वाढवून मेट्स तो रद्द करू शकतात, मग करार 80 कोटी 50 लाखांचा होतो. संघाच्या बाजूच्या पर्यायाचं गणित याच्या बरोबर उलट.

कर मात्र संघागणिक बदलतो. 2026 ची रेषा 24 कोटी 40 लाखांची आहे. ती पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्यांदा 30, तिसऱ्यांदा 50, आणि 2 कोटींहून जास्त वर गेल्यास अधिभार. रेषेच्या 6 कोटी वर असलेल्या, तिसऱ्यांदा कर भरणाऱ्या संघाला हा दर 110 टक्के पडतो. त्याला 2 कोटींचा खेळाडू 4 कोटी 20 लाखांना पडतो. त्यामुळे एकच करार एका संघासाठी ठीक आणि दुसऱ्यासाठी वेडेपणा असू शकतो. लीग आणि खेळाडू संघटनेतला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, म्हणून 2027 पुढचा कर गृहीत धरून एखाद्या कराराला नावं ठेवू नका.

कर हमीच्या रकमेच्या वार्षिक सरासरीवर लागतो. म्हणूनच तेवढेच पैसे जास्त वर्षांवर पसरवले जातात. झँडर बोगार्ट्सला पाद्रेजनी डिसेंबर 2022 मध्ये 11 वर्षांचे 28 कोटी दिले, तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत. चाळिशीतल्या शॉर्टस्टॉपवर कुणाचा विश्वास होता म्हणून ती वर्षं जोडलेली नाहीत, वार्षिक सरासरी 2 कोटी 55 लाखांवर आणण्यासाठी जोडली आहेत. अशा करारात शेवटची तीन-चार वर्षं शून्य वॉरची धरा आणि निवाडा एकूण रकमेवर करा.

क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाने देऊ केलेला ठरावीक रकमेचा एक वर्षाचा करार) नाकारून आलेल्या खेळाडूला घेतलं तर संघ ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, निवड गमावतो, ती किंमत खर्चात मिळवा. जपानमधून पोस्टिंगने (जुन्या संघाच्या परवानगीने) आलेल्यासाठी त्याच्या जुन्या संघाला वेगळे पैसे जातात: पहिल्या अडीच कोटींवर 20 टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर 15. योशिनोबू यामामोतोच्या 32 कोटी 50 लाखांवर हे 5 कोटी 6 लाखांच्या थोडे वर होतात. खेळाडूच्या खिशात ते जात नाहीत, डॉजर्सच्या खिशातून मात्र गेले. म्हणजे त्यांच्यासाठी हा साडेसदतीस कोटींचा करार.

रिलीव्हरवर, म्हणजे सामना सुरू झाल्यावर बदली म्हणून येणाऱ्या पिचरवर, ही सगळी पद्धत लंगडी पडते. एडविन डियाझला मेट्सने नोव्हेंबर 2022 मध्ये 5 वर्षांचे 10 कोटी 20 लाख दिले. साठेक इनिंग टाकणाऱ्याचं वॉर कधीच तेवढं भरत नाही, कारण त्या इनिंग सामन्याच्या सगळ्यात नाजूक वेळी येतात आणि वॉर त्याची पुरती दखल घेत नाही. रिलीव्हरची तुलना फक्त रिलीव्हरांच्या करारांशी करा.

निकाल लिहिताना

तुमच्या किमतीच्या 15 टक्के आत करार असेल तर तो योग्य म्हणा. अंदाजातच तेवढी चूक असते, त्याहून बारीक निवाड्याला आधार नाही. 15 ते 30 टक्के वर असेल तर संघाची गरज बघा. 85 ते 90 विजयांच्या आसपासच्या संघाला आणखी दोन विजय प्लेऑफ मिळवून देऊ शकतात, 65 च्या संघाला ते काहीच देत नाहीत. 30 टक्क्यांच्या वर गेलं की संघ चुकला असं बेलाशक लिहा.

स्प्रेडशीटवर सही झाली त्या दिवसाची तारीख टाका आणि ते पान पुन्हा बदलू नका. रेंजर्सनी जानेवारी 2011 मध्ये एड्रियन बेल्ट्रेला 5 वर्षांचे 8 कोटी दिले तेव्हा तो 31 वर्षांचा होता, पुढचा हंगाम बत्तिशीतला. त्याने 2011 आणि 2012 मध्ये उत्तम फील्डिंगचा गोल्ड ग्लव्ह घेतला, 2014 मध्ये .324 ची सरासरी राखली. असा खेळाडू बघून वयाचा नियमच चुकीचा म्हणायचा मोह होतो. त्याऐवजी दर ऑक्टोबरला शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष प्लेट अपिअरन्स, दर 600 चं वॉर आणि त्या हिवाळ्याचा भाव असे तीन आकडे भरत चला. अंदाज या तिन्हींपैकी नेमका कुठे हुकला हे वेगळं दिसतं, आणि पंधरा-वीस करार झाले की सगळ्यांत एकाच रकान्यात चूक होते आहे का तेही कळतं. प्लेट अपिअरन्स सारखे जास्त धरले जात असतील तर वरच्या सूत्रातले 200 काढून 170 घाला.